घर बांधायला ठेकेदार लावताय? लपलेल्या खर्चाबद्दल नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

आम्ही बेसाकडे ३० बाय ५० च्या प्लॉटवर घर बांधलं. ठरलेल्या रकमेच्या वर जे जे गेलं ते मी एका वहीत लिहून ठेवत होतो, आणि एक दिवस त्या वहीचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले. तिथून ते कुठे कुठे फिरले देव जाणे, पण तेव्हापासून मानकापूरपासून हुडकेश्वरपर्यंत कोणी ना कोणी विचारून राहिलं आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतो. हे स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार लावून घर बांधणाऱ्यांसाठी आहे, फ्लॅट घेणाऱ्यांसाठी नाही.

१. स्क्वेअर फुटाचा रेट ठरला म्हणजे घराची किंमत ठरली ना? मग वरचे पैसे कशाचे मागतात?

नाही ठरली. रेट हा नुसता भाव आहे, त्यात काय काय येतं ते कुठे लिहिलंय? "पूर्ण घर करून देतो दादा" या वाक्यात साधारण या गोष्टी नसतात: कंपाऊंड वॉल, गेट, सेप्टिक टँक, जमिनीतली पाण्याची टाकी, गच्चीवरची टाकी, बोअर, जिन्यावरचं छत, गच्चीची पॅरापेट, वॉटरप्रूफिंग, खिडक्यांच्या ग्रिल, किचनचा ओटा, बाहेरचं पेव्हिंग, गडरलाईनची (सांडपाण्याच्या लाईनची) जोडणी. ही बेरीज करून बघा, घाम फुटतो.

उपाय साधा आहे. ठेकेदाराला दोन याद्या लिहायला लावा, एक "यात काय आहे" आणि दुसरी "यात काय नाही". पहिली तो हसत देतो. दुसरी द्यायला टाळाटाळ करतो, आणि तुमचे पैसे त्या दुसऱ्या यादीतच असतात. तीन कोटेशन घेतले तर रेट शेजारी शेजारी ठेवू नका, दुसऱ्या याद्या ठेवा. आमच्याकडे सगळ्यात स्वस्त वाटलेला माणूस ती यादी जोडल्यावर सगळ्यात महाग निघाला होता.

२. स्क्वेअर फूट नेमका कोणता धरायचा? कार्पेट (खोल्यांच्या आतला), बिल्टअप (भिंतींसकट) की स्लॅब?

ठेकेदार बहुतेक वेळा स्लॅब एरिया धरतो, म्हणजे वरून दिसेल तेवढं सगळं, आणि आपण मनात खोल्यांचा एरिया धरून बसलेलो असतो. समजा घर बाहेरून ३० बाय ३०, म्हणजे ९०० फूट. स्लॅब चारी बाजूंनी २ फूट बाहेर काढला की तो झाला ३४ बाय ३४, म्हणजे ११५६. फरक २५६ फुटांचा. रेट १८०० धरला तर एका स्लॅबमागे ४,६०,८०० रुपये! माणूस खोटं बोलला नाही, तुम्ही विचारलं नाही, एवढंच.

म्हणून करारात लिहा: मोजणी बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत, सज्जे आणि प्रोजेक्शन धरायचे नाहीत किंवा अर्ध्या रेटने धरायचे, बाल्कनी किती टक्के, जिना एकदा धरायचा की प्रत्येक मजल्याला, डक्ट (पाईपसाठी सोडलेली मोकळी जागा) धरायचा की नाही. आणि नकाशावरून एकूण आकडा काढून तोच करारात टाका, "प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे" असं मोकळं सोडू नका.

३. मटेरियलसकट द्यावं की फक्त लेबर रेटने?

ज्याला साईटवर रोज जाता येतं त्याने लेबर रेट घ्यावा, ज्याला नाही त्याने मटेरियलसकट. इतकं सरळ आहे. लेबर रेटमध्ये रेती, गिट्टी, लोहा (सळाखी), सिमेंट तुम्ही आणता, म्हणजे मोजायचं कामही तुमचं (प्रश्न ८ वाचा) आणि वाया गेलेलं मटेरियलही तुमचंच. सेंट्रिंगच्या (स्लॅबखालच्या साच्याच्या) प्लेटा, बल्ल्या, मिक्सर, व्हायब्रेटर, बाइंडिंग वायर, खिळे हे लेबर रेटमध्ये कोणाकडे ते आधी विचारा, कारण मिक्सरचं भाडं स्लॅबच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मागितलं जातं, तेव्हा तुम्ही नाही म्हणूच शकत नाही.

४. पाया खोदल्यावर ठेकेदार म्हणतो काळी माती लागली, खर्च वाढेल. खरं असते का हे?

बऱ्याचदा खरं असतं, पण ते "अचानक" नसतं. विदर्भात काळी माती आहे हे काय त्याला खोदल्यावर कळलं काय? ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात आणि पाया वरच ठेवला तर दोन वर्षांत भिंतींनाही तशाच भेगा जातात. त्यामुळे खाली पक्क्या थरापर्यंत जावं लागतं, कधी अंडर-रीम्ड पाईल (खाली फुगीर असलेले खोल खांब) टाकायला लागतात. शहराच्या पश्चिमेकडच्या भागात उलटा त्रास, तिकडे बेसाल्ट आहे, चार फुटांवर खडक लागला की ब्रेकर बोलवावा लागतो आणि तो तासावर चालतो. म्हणजे माती असो की दगड, पैसे जातातच.

करारात असं लिहून घ्या: पाया अमुक फुटांपर्यंत रेटमध्ये, त्याच्या खाली प्रत्येक फुटाला एका फूटिंगमागे (कॉलमच्या खालच्या पायामागे) इतके रुपये, खडक लागला तर ब्रेकर तासाला इतके, आणि खोली मोजताना मालक किंवा इंजिनिअर हजर पाहिजे. कॉन्क्रीट पडल्यावर खड्डा किती खोल होता हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून टेप लावून फोटो काढा. आणि सगळ्यात आधी सॉइल टेस्ट करा. लोक टाइल्स निवडायला चार दुकानं फिरतात आणि माती तपासायला पैसे नाहीत म्हणतात. काय बोलावं आता.

अजून दोन छोट्या गोष्टी. खोदलेली माती कुठे आणि कोणाच्या पैशाने टाकायची ते लिहा. आणि प्लिंथमध्ये (जोत्यात) भरायचा मुरूम गाडीवर मोजायचा की दाबल्यानंतर, तेही ठरवा. गाडीतला सैल मुरूम कुटून पाणी मारून दाबला की बराच खाली बसतो.

५. प्लिंथ किती उंच घ्यायची? ठेकेदार दोन फूट म्हणते.

दोन फूट कशापासून? प्लॉटच्या जमिनीपासून की रस्त्यापासून? इथेच सगळे फसतात. नागपुरात सिमेंट रोड झाले तिथे कित्येक घरांसमोर रस्ता वर आणि अंगण खाली अशी गत आहे, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ले-आऊटमधला रस्ता आज कच्चा असेल तर उद्या तो उंच होणार हे धरूनच चाला. करारात लिहा: समोरच्या रस्त्याच्या मधोमधच्या लेव्हलपासून इतके फूट, आणि त्यापुढे वाढवली तर फुटाला किती. वाढीव उंची म्हणजे जास्त मुरूम, जास्त जुडाई (विटांचं बांधकाम), पायऱ्याही जास्त, म्हणून हा आकडा खोदकामाच्या आधी पक्का करा, नंतर नाही.

६. "टाइल्स ५० रुपये बेसिक रेट" म्हणजे काय हो?

म्हणजे त्याने ५० रुपये फुटाची टाइल धरली आहे, तुम्ही महाग घेतली तर वरचा फरक तुमचा. आता दुकानात गेल्यावर ५० ची टाइल कोणालाच आवडत नाही, बायकोलाही नाही आणि आपल्यालाही नाही, आणि ठेकेदाराला हे पक्कं माहीत असतं. त्यामुळे सही करायच्या आधी एका रविवारी दुकानात जा, जी टाइल खरंच लावणार तिचा भाव बघा आणि तोच बेसिक रेट म्हणून टाका.

मग हे विचारा: बेसिक रेटमध्ये जीएसटी धरला आहे का, गाडीभाडं धरलं आहे का, तूटफूट किती टक्के, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची टाइलची पट्टी) वेगळी का, आणि मोठी टाइल घेतली तर लावायची मजुरी वाढते का (वाढते). हेच नळ, कमोड, दरवाजे, खिडक्या, रंग या सगळ्याला लागू आहे. "ब्रँडेड फिटिंग" हे शब्द करारात दिसले की ते खोडा आणि तिथे कंपनी, मॉडेल, रंग लिहा. रंगात तर पुट्टी किती हात, प्रायमर आहे का, रंगाचे किती हात, आणि "किंवा समतुल्य" हे दोन शब्द असतील तर समतुल्य कोण ठरवणार.

७. इलेक्ट्रिकचे पॉइंट किती सांगायचे? आमच्याकडे ४० पॉइंट फ्री लिहिलेत.

४० पॉइंट ऐकायला भरपूर वाटतात. एका बेडरूममध्ये दोन लाईट, पंखा, बेडच्या दोन्ही बाजूंना सॉकेट, टीव्ही, एसी... मोजून बघा. आणि पॉइंट म्हणजे काय ते विचारा, कारण काही जण लाईट एक पॉइंट, त्याचं स्विच दुसरा पॉइंट असंही धरतात.

नागपूरचा खास प्रकार म्हणजे कूलर. बाहेरचे लोक नकाशा काढतात तेव्हा कूलर विसरतात. खिडकीत कूलर बसेल एवढी जागा, बाहेर स्टँड, जवळ सॉकेट, पाण्याचा नळ. हे चारही आधी सांगितलं तर काहीशे रुपयांत होतं, नंतर भिंत फोडून केलं तर एक्स्ट्रा बिल येतं, वर रंगाचा सत्यानाश. तसंच इन्व्हर्टरची वेगळी लाईन, आणि उद्या सोलर लावणार असाल तर गच्चीपासून मीटरपर्यंत रिकामा पाईप आत्ताच टाकून ठेवा.

८. रेती, लोहा मोजायचं कसं? गाडीवाला सांगतो तेवढं मान्य करतो आम्ही.

नका करू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि रेतीची उंची फुटात मोजा, तिन्हीचा गुणाकार करा, १०० ने भागा. १४ फूट लांब, ७ रुंद, ३ उंच असेल तर २९४, म्हणजे तीन ब्रासला थोडं कमी. उंची मधल्या ढिगावर नाही, रेती सपाट करून चार कोपऱ्यात मोजा. आणि ओलसर रेती फुगते, थोड्याशा ओलीनेच तिचं आकारमान वीस-तीस टक्क्यांपर्यंत वाढतं, म्हणजे तुम्ही पाणी आणि हवा विकत घेता.

लोह्याचं सोपं सूत्र: जाडी मिलिमीटरमध्ये, तिचा वर्ग, भागिले १६२, हे आलं एका मीटरचं वजन किलोत. १२ मिमीची १२ मीटरची सळाख साधारण १०.६ किलो भरते. दहा सळाखी उचलून काट्यावर ठेवा, १०६ च्या आसपास आलं पाहिजे. १२ मिमी जाडीच्या लोह्यात चार-पाच टक्के इकडे तिकडे चालतं, ९५ भरलं तर गाडी परत पाठवा. धर्मकाट्याची पावती तुम्ही निवडलेल्या काट्याची घ्या, दुकानदाराच्या मेव्हण्याच्या काट्याची नको.

सिमेंटच्या रिकाम्या थैल्या फेकू देऊ नका, मोजा आणि मग द्या. आमच्या ठेकेदाराने एका आठवड्यात लिहिलेल्या आणि सापडलेल्या थैल्यांत १४ चा फरक निघाला होता. भांडलो नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून थैल्या माझ्याकडे जमा.

९. मधेच भाव वाढले तर कोण भरणार?

करारात लिहिलं नसेल तर तुम्हीच, आणि भांडण वेगळं. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात, त्यामुळे मे महिन्यात साठा करायचा की नाही हे आधी बोलून घ्या. बरे ठेकेदार म्हणतात की सिमेंट आणि लोह्याचा आजचा भाव लिहू, त्याच्या ५ टक्के वर-खाली माझं, त्यापलीकडे तुमचं. हे मला योग्य वाटतं. पण "खाली" हा शब्द असलाच पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा किती ठेकेदारांनी स्वतःहून फोन करून पैसे कमी केले? भाववाढ फक्त पक्क्या बिलावर द्या, तोंडी "मार्केट वाढलं" यावर नाही.

१०. आता तो वरून १८ टक्के जीएसटी मागून राहिला, द्यायचा का?

तीन गोष्टी बघा. मटेरियलसकट काम असेल तर १८ टक्के लागतो, हे खरं आहे. फक्त मजुरीचं काम असेल आणि ते एकट्या घराचं असेल, म्हणजे सोसायटी किंवा कॉम्प्लेक्सचा भाग नसेल, तर त्यावर जीएसटीची सूट आहे. आणि ठेकेदार जीएसटीत नोंदलेलाच नसेल तर तो जीएसटी घेऊच शकत नाही, त्याच्या बिलावर नंबर नसेल तर ते १८ टक्के त्याच्या खिशात जातात. नंबर जीएसटीच्या सरकारी साईटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम. रेट "सर्व करांसहित" असा लिहा म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

एकाच ठेकेदाराला वर्षभरात ५० लाखांच्या वर दिले तर २ टक्के टीडीएस कापायची जबाबदारी तुमच्यावर येते, ते तुमच्या सीएला विचारून घ्या.

११. नकाशा पास करणं, वीज, पाणी हे ठेकेदार करतो का?

"नक्शा फ्री" म्हणतात तेव्हा चित्र फ्री असतं. मंजुरीची फी, डेव्हलपमेंट चार्ज, बांधकाम कामगार उपकर (लागू होत असेल तर, बांधकाम खर्चाच्या १ टक्का) हे तुमचंच. प्लॉट महानगरपालिकेत, नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएच्या (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत, त्यावर कुठे जायचं ते ठरतं. गुंठेवारीच्या ले-आऊटमध्ये आधी आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे का बघा, नाहीतर बांधकाम परवानगीच्या आधीच त्याची डिमांड (मागितलेली रक्कम) भरावी लागते. स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा घ्या आणि त्याची फी तुम्ही द्या. ठेकेदार ज्याला पैसे देतो तो ठेकेदाराचं ऐकतो.

बांधकामासाठी महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन लागतं, त्याचा दर घरगुतीपेक्षा जास्त असतो. पाण्याचं काय, बोअर की टँकर, आणि टँकरचे पैसे कोणाचे? एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा स्लॅबला पाणी मारण्यात कुचराई झाली तर घर आयुष्यभर त्रास देतं. कोरड्या गरम हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि फ्लाय अॅशवाल्या पीपीसीला १४ दिवस क्युरिंग पाहिजे, आणि पाणी विकतचं असेल तर ठेकेदार पाचव्या दिवशी थांबतो. म्हणून टँकर स्वतःकडे घ्या, बचत इथे करू नका.

१२. अॅडव्हान्स किती द्यायचा?

फार कमी. काम पुढे, पैसे मागे. हप्ते दिवसांवर नाही, कामावर बांधा: प्लिंथ झाली की इतके, स्लॅब पडला की इतके, जुडाई, छपाई (प्लास्टर), फरशी, मग रंग. ठेकेदार पहिल्या दोन हप्त्यांत जास्त मागतो कारण स्लॅबनंतरची कामं किचकट आणि कमी फायद्याची असतात. स्लॅबपर्यंत ७० टक्के देऊन बसलात तर छपाईला तो तुमचा फोन उचलणार नाही.

होमलोन असेल तर बँक तिच्या टप्प्यांप्रमाणेच पैसे सोडते, म्हणून ठेकेदाराचे टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवा. आणि एक्स्ट्रा कामाला बँक काहीच देत नाही, ते खिशातून.

१३. आम्ही काही बदल सांगितले, आता शेवटी दीड लाखाचं एक्स्ट्रा बिल आलं. द्यावं लागेल का?

बदल सांगितलाय ना, मग काहीतरी द्यावं लागेल. खरी अडचण ही की कोण काय बोललं ते कोणालाच आठवत नाही. वडील साईटवर गेले, म्हणाले "इथे एक कपाट काढ रे", आईने देवघराची जागा बदलली, तुम्ही फोनवर हो म्हणालात, आणि ठेकेदाराने डायरीत सगळं लिहिलं, तुम्ही काहीच नाही लिहिलं.

नियम असा ठेवा: घरातला एकच माणूस बदल सांगेल, आणि काम सुरू व्हायच्या आधी ठेकेदार व्हॉट्सॅपवर लिहून पाठवेल, काय, किती रुपये, किती दिवस. तुम्ही "ओके" टाकलं तरच पैसे. आणि कमी केलेल्या कामाचे पैसे वजा पण झाले पाहिजेत, ते तो कधीच लिहीत नाही, ते तुम्ही लिहा.

१४. आयटम रेटने (प्रत्येक कामाचा वेगळा भाव) काम आहे, छपाईच्या मोजणीत खिडक्या-दरवाजे वजा होतात का?

भारतीय मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या खिडकी-दरवाज्याच्या मोकळ्या जागेला काही वजा करत नाहीत, अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर एका बाजूची वजा, तीनच्या वर दोन्ही बाजूंची वजा आणि आतल्या कडा जमा. म्हणजे साध्या खिडकीची एक बाजू वजा झालीच पाहिजे. "आमच्याकडे सॉलिड धरतात" (म्हणजे काहीच वजा करत नाहीत) असं ठेकेदार म्हणाला तर ते आधी सांगायला हवं होतं. मोजणी कशी करायची हे एका ओळीत करारात टाकलं की भांडण मिटतं.

१५. न लिहिलेले खर्च कोणते येतात?

भूमिपूजन, चौकट बसवायची पूजा, मिस्त्रीला टॉवेल-नारळ, आणि स्लॅबच्या दिवशी सगळ्यांचं जेवण. आमच्याकडे सावजी मटण मागितलं होतं, पंचवीस माणसं. हे हौसेने करा, पण बजेटमध्ये धरा. पोळा, दिवाळी, होळी आणि धानाच्या रोवणीला बालाघाट-छत्तीसगडकडचे मजूर गावी जातात, काम थांबतं आणि तुमचं भाड्याचं घर चालूच राहतं, हा सगळ्यात मोठा न दिसणारा खर्च आहे. म्हणून उशिराचा दंड आठवड्याला अमुक असा लिहा, पाऊस आणि सण वगळून. आणि मजुरांचा अपघात विमा ठेकेदाराने काढला का, त्याची कॉपी घ्या.

१६. ठेकेदार आमच्याच नात्यातला आहे, लिहून कसं मागायचं?

तेव्हा तर नक्की लिहा. परक्याशी भांडलात तर पैसे जातात, भाच्याशी भांडलात तर पैसेही जातात आणि लग्नात समोरासमोर बसावंही लागतं. बँकेला कराराची कॉपी लागते म्हणून सांगा, वाईटपणा बँकेवर जाऊ द्या. ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी किमान ५०० चा स्टॅम्प लागतो, आणि काम मोठं असेल तर रकमेप्रमाणे शुल्क वेगळं, ते वकिलाकडून बघून घ्या.

१७. ठेकेदार काम अर्धवट सोडून गेला तर रेरात (बिल्डरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण) जाता येतं का?

तुमच्या स्वतःच्या प्लॉटवरचा ठेकेदार हा रेराच्या भाषेत प्रमोटर (घरं बांधून विकणारा बिल्डर) नाही, त्यामुळे तिकडे जाऊन उपयोग नाही. ग्राहक आयोगात जाता येतं, दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, आणि दोन वर्षांच्या आत. तिथे प्रश्न १३ मधले व्हॉट्सॅप मेसेज, बँकेतून दिलेले पैसे आणि टेप लावलेले फोटो कामी येतात. रोख दिलेले सिद्ध करणं फार अवघड जातं.

१८. शेवटचे पैसे कधी द्यायचे? तो किल्ली देताना सगळं मागून राहिला.

निदान ५ टक्के एक पावसाळा जाईपर्यंत थांबवून ठेवायचे, आणि हे पहिल्याच दिवशी करारात लिहायचं, किल्ली घेताना नाही. भिंतीची ओल आणि गच्चीची गळती पावसातच दिसते, उन्हाळ्यात सगळी घरं चांगली असतात. पावसाची वाट बघायची नसेल तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीच्या पाण्याच्या वाटा बुजवून तीन दिवस पाणी साठवून ठेवा आणि खालच्या छताला हात लावून बघा. आणि त्या दिवशीच्या टँकरचे पैसे कोणी द्यायचे तेही आधी लिहा. आम्ही लिहिलं नव्हतं, दोन टँकरचे पैसे मीच दिले.